क्रोफूट रँचचे कारभारी : जॉर्ज मॅकजंकिन

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात फॉल्सम नावाचे एक खेडे आहे. आज तेथे शंभर माणसांचीही वस्ती नाही. भोवती निवालेल्या ज्वालामुखींची टेकाडे, सपाट माथ्याची पठारे आणि दृष्टी पोहोचेल तिथवर गवत. जिच्या नावातच ‘कोरडी’ हा शब्द आहे अशी ड्राय सिमॅरॉन नदी या गावाजवळून वाहते. एवढ्याशा गावाचे नाव जगभरातील पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना मात्र पाठ असते. अमेरिका खंडात मनुष्य हिमयुगाच्या अखेरीसच वावरत होता, ही गोष्ट विद्वानांना प्रथम निर्विवादपणे मान्य करावी लागली ती याच गावाजवळच्या एका ओढ्यातील हाडांमुळे. ती हाडे प्रथम ज्यांनी ओळखली, ते कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. ते जन्माने गुलाम आणि व्यवसायाने गुराखी होते. जॉर्ज मॅकजंकिन हे त्यांचे नाव. आमच्या निवासी विद्यालयाच्या या स्मरणिकेत त्यांचा परिचय करून द्यावा असे आम्हांस वाटले, याचे कारण आमच्या अनेक मुलामुलींचे बालपण गुरांमागे गेलेले आहे. या चरित्रातील काही गोष्टी त्यांना इतरांहून लवकर उमगतील.

जॉर्ज यांचा जन्म १८५१ च्या सुमारास टेक्सास राज्यातील मिडवे या गावी झाला. वडील लोहारकाम करीत. ज्या मालकाच्या रँचवर हे कुटुंब होते त्याचे आडनाव मॅकजंकिन. पुढे जॉर्जने तेच आडनाव लावले. गुलामाला स्वतःचे आडनाव नसे, स्वतःचा दिवस नसे आणि स्वतःची मुलेही कायद्याने स्वतःची नसत. दक्षिणेकडील अनेक राज्यांत तर गुलामास लिहावाचावयास शिकविणे हा गुन्हा होता. मालकवर्गाने अक्षराचे भय इतके का बाळगावे, याचा विचार आमच्या वाचकांनी आपल्या इतिहासाच्या आधारे करावा. त्यासाठी त्यांना अमेरिकेस जावे लागणार नाही.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ पासून अमलात आली खरी; परंतु टेक्सासमधील गुलामांना मुक्त झाल्याचे अधिकृतपणे कळावयास १९ जून १८६५ उजाडला. त्या दिवशी गॅल्व्हस्टन बंदरात जनरल ग्रेंजर यांनी तसा हुकूम जारी केला. म्हणजे कागदावर स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही अडीच वर्षे तेथील माणसे गुलामीतच राबत राहिली. जॉर्ज त्या वेळी चौदा वर्षांच्या आसपासचा असेल. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांस अर्पण केला. पुण्यात ती अर्पणपत्रिका छापली जात होती तेव्हा त्या मुक्त झालेल्या गुलामांपैकी एक तरुण न्यू मेक्सिको-कोलोरॅडोच्या माळांकडील वाटांवर घोडे आणि गुरे हाकत होता.

युद्धानंतर टेक्सासमध्ये लांब शिंगांची गुरे लक्षावधींच्या संख्येने मोकाट वाढली होती आणि उत्तरेकडील शहरांना मांस हवे होते. रेल्वे फार दूर, कॅन्सस राज्यात. तेव्हा गुरांचे तांडेच्या तांडे शेकडो मैल चालवीत नेण्याचा उद्योग भरभराटीस आला. या कामास माणसे लागत, आणि ती धूळ, उपासमार, पूर यांना न डगमगणारी लागत. चित्रपटांनी आपल्यापुढे ‘काउबॉय’ म्हणून नेहमी गोरा पुरुष उभा केला आहे. इतिहासकारांच्या अंदाजानुसार या गुराख्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा कृष्णवर्णीय होता आणि मेक्सिकन गुराख्यांची संख्याही मोठी होती. किंबहुना घोड्यावर बसून फासाच्या दोराने गुरे आवरण्याची ही सारी विद्याच मुळात मेक्सिकन गुराख्यांची. जॉर्ज सतरा वर्षांच्या सुमारास घर सोडून याच वाटेला लागले. त्यांनी त्या गुराख्यांकडून कामही घेतले आणि त्यांची स्पॅनिश भाषाही घेतली. पुढे ती ते अस्खलित बोलत.

घोडे शिकविण्यात त्यांचा हात विशेष बसलेला होता. कोऱ्या घोड्याला मारून नमविणारे पुष्कळ असतात; त्याला न बिथरविता खोगिराची सवय लावणारा चाबूकस्वार विरळा. रॉबर्ड्‌स नावाच्या एका घोडेवाल्याकडे ते कामास असताना त्याच्या मुलांना घोडेस्वारी शिकावयाची होती आणि जॉर्जना वाचावयास शिकावयाचे होते. तेव्हा दोघांनी सौदा केला. मुलांनी अक्षरे शिकवावीत, जॉर्जनी घोडा शिकवावा. या व्यवहारात कोणी कोणावर उपकार केला नाही, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. शिक्षण दयेने मिळते तेव्हा ते घेणाऱ्याची मान खाली राहते. येथे एका तरुणाने आपल्या अंगच्या कौशल्याचे मोल देऊन, आपल्याहून वयाने लहान असलेल्या मुलांकडून ते विकत घेतले आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटला नाही.

वाचता येऊ लागल्यावर त्यांनी हाताला लागेल ते पुस्तक वाचले. भूस्तर, प्राणी, ग्रहतारे हे त्यांचे आवडीचे विषय. त्यांच्याजवळ एक दुर्बीण असे. इतर गुराखी खोगिराला लावलेल्या ज्या म्यानात बंदूक ठेवीत त्यात ते दुर्बीण ठेवीत, असे त्यांना पाहिलेले लोक सांगत. दिवसा तिच्यातून लांबवर भरकटलेले जनावर शोधावयाचे आणि रात्री चंद्रतारे पाहावयाचे. व्हायोलिन व गिटार ही वाद्ये ते वाजवीत. दगड, बाणांची टोके, कवट्या, हाडे असे जे जे चमत्कारिक दिसे ते गोळा करून घरी जपून ठेवण्याचा त्यांना छंद होता. शेजाऱ्यांना या छंदाचे हसू येत असावे. परंतु आडरानात सापडलेली वस्तू कसली म्हणून विचारावयाचे झाल्यास लोक त्यांच्याकडेच जात.

न्यू मेक्सिकोत स्थिरावल्यावर ते एका रँचवरून दुसऱ्या रँचवर जात जात अखेर फॉल्समजवळील क्रोफूट रँचचे कारभारी झाले. या रँचचे मालक विल्यम जॅक. कारभारी म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. रँच म्हणजे आपल्याकडील गोठा नव्हे की गायरान नव्हे. मैलोन्‌मैल पसरलेले कुरण, त्यावर चरणारी शेकडो-हजारो गुरे, त्यांच्यामागे दहापाच स्वार. वसंतात वासरांना मालकाच्या खुणेचा डाग द्यावयाचा, उन्हाळ्यात पाणवठे सांभाळावयाचे, शरदात विक्रीची गुरे निवडून रेल्वेपर्यंत पोहोचवावयाची, हिवाळ्यात हिमात अडकलेली जनावरे सोडवावयाची. १८७४ साली काटेरी तारेच्या सुधारित प्रकाराचे पेटंट निघाले आणि पुढील काही वर्षांत मोकळे माळ कुंपणांनी बंद झाले. तेव्हापासून मैलोन्‌मैल कुंपण तपासीत फिरणे हे एक नवेच काम वाढले. कोणते जनावर कोठे आहे, कोणता स्वार भरवशाचा, कोणत्या ओढ्याला केव्हा पाणी येते, हे सर्व कारभाऱ्याच्या डोक्यात असावे लागे. आणि त्याचा हुकूम सर्वांनी पाळावा लागे. ज्या काळात देशाच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेतला जात होता, रेल्वेचे डबे वेगळे केले जात होते आणि झुंडी माणसांना झाडाला फाशी देत होत्या, त्या काळात एका मुक्त गुलामाच्या हुकमतीखाली गोरे व मेक्सिकन गुराखी काम करीत होते. याचा अर्थ न्यू मेक्सिकोत वर्णद्वेष नव्हता असा कोणी काढू नये. तो होताच. त्यांनी हे स्थान मिळविले ते त्या भागात त्यांच्या तोडीचा घोड्यांचा व गुरांचा जाणकार क्वचितच होता म्हणून.

या भागातील लोक त्यांच्या अनेक आठवणी सांगत. १८८९ च्या भीषण हिमवादळात त्यांनी सोबतच्या गुराख्यांना दिसेनाशा झालेल्या वाटेवरून एका खोपटाच्या आश्रयाला सुखरूप पोहोचविले, ही त्यांपैकी एक. घोडा शिकवून घेणे, आजारी जनावर दाखविणे, मेक्सिकन मजूर व इंग्रजी बोलणारा मालक यांच्यात दुभाषा म्हणून उभे राहणे, अशा कामांसाठी लोकांना त्यांची गरज पडे. ग्रामीण भागातील सेवा बहुधा अशीच असते. तिची कोठे नोंद होत नाही, तिला संस्थेचे नाव नसते, आणि ती करणारा माणूस गेल्यावरच गावाला तिची उणीव भासते.

आता १९०८ सालाकडे येऊ. त्या वर्षीच्या २७ ऑगस्टला रात्री फॉल्समच्या वरच्या अंगाला असलेल्या जॉन्सन मेसा या पठारावर ढगफुटी झाली. ड्राय सिमॅरॉनचे पाणी काळोखात गावावर चालून आले. गावाच्या टेलिफोन केंद्रात सारा रूक नावाची एक वयस्क स्त्री कामावर होती. पूर येत असल्याची बातमी कळल्यावर ती पळाली नाही. खुर्चीत बसून ती एकामागून एक घरांना दूरध्वनी जोडीत राहिली, लोकांना उंचावर जाण्यास सांगत राहिली आणि शेवटी केंद्राच्या इमारतीसह वाहून गेली. तिच्यामुळे अनेक कुटुंबे वाचली. तरीही सतराअठरा माणसे दगावली. मॅकजंकिन यांच्या चरित्रात या स्त्रीचा उल्लेख केवळ प्रसंगाने येतो; परंतु आमच्या मुलींनी तिचे नाव लक्षात ठेवावे.

फॉल्सम गाव या पुरातून पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिलेच नाही. क्रोफूट रँचवरही कुंपणे ठिकठिकाणी वाहून गेली होती, जनावरे पांगली होती. पुरानंतर मॅकजंकिन घोड्यावरून कुंपण तपासीत निघाले. वाइल्ड हॉर्स अरोयो नावाच्या एका घळीशी ते आले. पाण्याने तिचे पात्र खरवडून पूर्वीपेक्षा पुष्कळ खोल केले होते. उभ्या कापलेल्या काठात, वरच्या जमिनीपासून दहाबारा फूट खाली त्यांना पांढरट हाडे डोकावताना दिसली.

हा क्षण आम्ही विद्यार्थ्यांपुढे थोडा थांबवून ठेवू इच्छितो. गुरांच्या प्रदेशात हाड दिसणे यात नवल ते काय? दुष्काळात, हिमात मेलेल्या जनावरांचे सांगाडे माळावर पडलेलेच असत. त्या आधीच्या पिढीत गोऱ्या शिकाऱ्यांनी बायसन या रानगव्यासारख्या प्राण्याची एवढी कत्तल केली होती की त्याची हाडे गाडे भरभरून खतासाठी विकली जात. दुसरा कोणीही स्वार कुंपण दुरुस्त करून पुढे गेला असता. मॅकजंकिन घोड्यावरून उतरले. गाईबैलांचा सांगाडा त्यांना तोंडपाठ होता. तेव्हा ही हाडे गुरांची नव्हेत हे त्यांना कळले. बायसनचीही हाडे त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. ही ठेवण बायसनची होती, परंतु आकार हयात बायसनपेक्षा मोठा होता. हाडे नुसती जुनी नव्हती, ती दगडासारखी जड झाली होती. आणि ती पुरली गेली होती एवढ्या खोल, की वरचा थर साचावयास फार मोठा काळ लागला असला पाहिजे. भूस्तराविषयी वाचलेले ज्ञान आणि रोजच्या कामातून डोळ्यांत मुरलेले ज्ञान ही दोन्ही त्या घळीत एकत्र आली. आज पृथ्वीवर नसलेल्या प्राण्याची ही हाडे आहेत असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि तो बरोबर होता. शास्त्रज्ञ ज्याला बायसन अँटिक्वस म्हणतात, त्या नामशेष जातीची ती हाडे होती.

काही हाडे त्यांनी घरी नेली. नंतर तेरा-चौदा वर्षे ते भेटेल त्या जाणत्या माणसाला या घळीविषयी सांगत राहिले. तीस-पस्तीस मैलांवरील रॅटन या गावी कार्ल श्वाखहाइम नावाचा एक लोहार राहत असे. त्याच्या अंगणातील कारंज्यावर झुंजीत एकमेकांत अडकून मेलेल्या दोन एल्क हरणांची शिंगे बसविलेली होती. ती पाहण्यासाठी मॅकजंकिन तेथे थांबले आणि दोघांची ओळख झाली. श्वाखहाइम हाही निसर्गाचा वेडा. त्याला, तसेच त्याच्या ओळखीचे बँकेतील एक गृहस्थ फ्रेड हॉवर्थ यांना, या हाडांची माहिती झाली. परंतु तीस मैल त्या काळी थोडे नव्हते. वाहन नाही, कामातून सवड नाही. जाणे लांबणीवरच पडत राहिले. लोहाराला आम्ही दोष देत नाही. ज्यांच्याजवळ मोटारी होत्या, निधी होता, ज्यांचे कामच हे होते, अशा कोणत्याही संस्थेचा माणूस त्या घळीकडे त्या काळात फिरकला नाही.

उतारवयात वीज पडून मॅकजंकिन यांचे घर जळाले. पुस्तके आणि आयुष्यभर जमविलेला संग्रह त्यात नष्ट झाला. नंतर प्रकृती ढासळली, आणि फॉल्सममधील हॉटेलच्या एका खोलीत त्यांचे अखेरचे दिवस गेले. जुने सोबती गुराखी त्यांच्या उशाशी बसून त्यांना आळीपाळीने वाचून दाखवीत, असे सांगतात. २१ जानेवारी १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. फॉल्समच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात श्वाखहाइम व हॉवर्थ अखेर त्या घळीत पोहोचले. पुढील घटना विद्वत्तेच्या इतिहासात नीट नोंदलेल्या आहेत. १९२६ च्या प्रारंभी त्यांनी डेन्व्हर येथील कोलोरॅडो म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे संचालक जेसी फिगिन्स यांच्याकडे हाडे नेली. त्या उन्हाळ्यात उत्खनन सुरू झाले. संग्रहालयाला हवा होता तो प्रदर्शनात मांडण्याजोगा सांगाडा. परंतु हाडांबरोबर माणसाने घडविलेले दगडी भाल्याचे टोक निघाले, आणि सगळा रंगच पालटला.

त्या काळी अमेरिकेतील मान्यवर विद्वानांचे, विशेषतः वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयातील आलेश हर्डलिच्का यांचे, मत असे होते की मनुष्य या खंडात येऊन फार तर काही सहस्र वर्षे झाली असतील. हिमयुगातील मानवाचा पुरावा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते परतवून लावीत. एक सल्ला मात्र त्यांनी योग्य दिला : असे टोक पुन्हा सापडले तर ते हलवू नये, जागच्या जागी ठेवून तज्ज्ञांना बोलवावे. २९ ऑगस्ट १९२७ रोजी श्वाखहाइमला बायसनच्या दोन फासळ्यांमध्ये रुतलेले एक टोक आढळले. ते तसेच ठेवून तारा धाडण्यात आल्या. सप्टेंबरात बार्नम ब्राउन, फ्रँक रॉबर्ट्‌स, आल्फ्रेड किडर यांसारखे मातब्बर अभ्यासक घळीत उतरले, त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले, आणि वर्षानुवर्षे चाललेला वाद निकाली निघाला. दोन्ही अंगांना पन्हळीसारखी उभी खाच असलेल्या त्या टोकांना फॉल्सम टोके असे नाव मिळाले. पुढे डेव्हिड मेल्ट्‌झर यांच्या पथकाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेथे नव्याने अभ्यास केला. सुमारे साडेबारा हजार वर्षांपूर्वीच्या एका शरद ऋतूत शिकाऱ्यांच्या टोळीने त्या घळीत बत्तीस बायसन मारल्याचे त्यातून दिसून आले.

शोधाविषयी १९२७ साली जे लेख प्रसिद्ध झाले त्यांत संचालकांचे नाव आहे, संग्रहालयाचे नाव आहे. जॉर्ज मॅकजंकिन हे नाव नाही. कोणी ते ठरवून खोडले असे आम्ही म्हणत नाही. त्याची आवश्यकताच कोणाला वाटली नाही, आणि आमच्या मते हे अधिक गंभीर आहे. कारण खोडलेले नाव निदान कोठे तरी लिहिलेले असते. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत शोध कोणी लावला असा प्रश्न येतो आणि उत्तरासाठी एकाच नावापुरती जागा सोडलेली असते. इतिहासाच्या पुष्कळ पुस्तकांची रचना त्या प्रश्नपत्रिकेसारखी असते.

जवळजवळ चाळीस वर्षांनंतर ईस्टर्न न्यू मेक्सिको विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ जॉर्ज अगोजिनो यांनी हा धागा उचलला. फॉल्सम परिसरात तोवर हयात असलेल्या वृद्धांना गाठून त्यांनी मूळ शोधाची हकिकत गोळा केली. १९७३ साली फ्रँकलिन फॉल्सम या लेखकाने मॅकजंकिन यांचे चरित्र लिहिले. लेखकाचे आडनाव आणि गावाचे नाव एक, हा निव्वळ योगायोग. या दोघांनी ज्या साक्षी वापरल्या त्या कार्यालयांतील दप्तरांतून आलेल्या नव्हत्या. ज्यांनी मॅकजंकिन यांच्याबरोबर घोडे हाकले होते, ज्यांच्या अंगणात त्यांनी व्हायोलिन वाजविले होते, त्यांच्या स्मरणातून त्या आल्या. आमच्यासारख्या समाजांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास याच वाटेने जावे लागते, आणि म्हातारी माणसे आहेत तोवरच जावे लागते.

एक खुलासा मात्र करावयास हवा. उत्साहाच्या भरात काही लोक मॅकजंकिन यांनाच हिमयुगीन मानवाचा संपूर्ण शोध बहाल करतात. हे योग्य नव्हे. फासळ्यांतील टोक त्यांनी पाहिलेले नव्हते. ते त्यांच्या निधनानंतर साडेपाच वर्षांनी निघाले. त्यांनी ओळखले ते एवढेच, की ही हाडे नामशेष प्राण्याची आहेत, फार प्राचीन आहेत आणि कोणी तरी जाणकाराने येथे खणून पाहिले पाहिजे. त्यांची थोरवी एवढ्याने सिद्ध होते. तिला फुगविण्याची गरज नाही. त्यांनी त्या दिवशी घोड्यावरून उतरून पाहिले नसते तर घळीचा काठ पुढच्या एखाद्या पुरात ढासळला असता आणि हाडे वाहून गेली असती.

१९६१ मध्ये त्या जागेस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. मॅकजंकिन यांचे नाव ओक्लाहोमा सिटी येथील राष्ट्रीय काउबॉय संग्रहालयाच्या थोर पाश्चिमात्यांच्या दालनात समाविष्ट होण्यास २०१९ साल उजाडावे लागले. फॉल्समच्या दफनभूमीत आज त्यांची कबर आहे. त्याच दफनभूमीत सारा रूक हिचेही स्मारक आहे. टेलिफोन खात्यात काम करणाऱ्यांनी लहान लहान वर्गण्या काढून ते उभारले.